बिल्ला नंबर सांगा आजोबा

आमच्या मंडळाचं संग्रहालय म्हणजे गिरणगावातल्या चाळीच्या दोन खोल्या, मागावर आडवं सूत नेणारे लाकडी धोटे, सुताच्या बॉबिनी, कामगारांचे नंबर असलेले पितळी बिल्ले, पगाराची पाकिटं आणि खानावळीतला एक भलामोठा टोप. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला म्हणून त्या तारखेच्या जवळच्या रविवारी आमचा मेळावा असतो. दीपप्रज्वलन, अहवाल, शाल-श्रीफळ होतं सगळं, मी वाट बघते ती त्यानंतरच्या तासाची.

जुने कामगार एकेक करून माईकवर येतात आणि चारच गोष्टी सांगतात, नाव, गिरणी, खातं, बिल्ला नंबर. भाषण नाही. सकाळी गोळी घेतली की नाही ते आठवत नाही पण ४० वर्षांपूर्वीचा नंबर तोंडपाठ! साचेखात्यातले, म्हणजे मागांवर कापड विणणारे, तर ओरडूनच सांगतात, कान तिथेच गेले ना, आणि दोघं साचेवाले शेजारी बसले की अजून हाताच्या खुणांनी बोलतात, साच्यांच्या खडखडाटात दुसरा इलाजच नव्हता. मागे एका आजोबांनी कपाटातला धोटा मागून घेतला, ओठांना लावला आणि भोकातून सूत कसं ओढून घ्यायचे ते दाखवलं. माझे बाबा पण साचेखात्यातच होते, घरी कधी बोलले नाहीत हे. मला पुढचं काही ऐकूच आलं नाही.

खानावळवाल्या मावशींना आधी बोलवायचे नाहीत, त्या कामगार कुठे म्हणे. मी भांडून त्यांचं नाव यादीत घातलं. गावाहून एकटे आलेले गडी यांच्याच हातचं जेवून पाळीवर जायचे, संपात तर उधारीवर जेवले. मावशी माईकवर म्हणाल्या, मला नंबर नाही, माझ्याकडे जेवायला १८ मेंबर होते, आणि अठराच्या अठरा नावं घेतली. हॉल चिडीचूप.

राग एकाच गोष्टीचा आहे, हजेरीचा. नारायण मेघाजी लोखंडेंनी झगडून १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली, आणि आपल्याच पोरांना वर्षातला एक रविवार जमत नाही. जेवणाच्या वेळेला बरोबर येतात काही जण. त्यांच्याच आजोबांचा नंबर तोवर होऊन गेलेला असतो.

आता आभार, कोणी सुटू नये म्हणून मागच्या पानावर लिहूनच ठेवलंय. खुर्च्या लावणारी तळमजल्यावरची पोरं, साऊंडवाला दादा, चहा सांभाळणाऱ्या दोन्ही वहिनी, नंबर वहीत उतरवणारी कॉलेजची मुलगी, बिल्ले चिंचेने घासून लख्ख करणाऱ्या आमच्या काकू, हॉलची चावी देणारे अण्णा, आजोबांना जिन्यावरून खुर्चीसकट खाली आणणारे चौघं. आणि मागच्या वर्षी माझ्याकडून राहिलेला तो टॅक्सीवाला भाऊ, ज्याने धोटेवाल्या आजोबांना पार घरापर्यंत सोडलं आणि भाडं घेतलं नाही, त्याचे वडील पण गिरणीत बदली कामगार होते, कायमवाला आला नाही की त्याच्या जागी लागणारे, म्हणाला.