सूचनावही

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी शाळेविषयी चार शब्द लिहा, असं मुख्याध्यापकांचं पत्र आलं. शाळा म्हटलं की मला सरच आठवतात. इतिहासाचे सर. नाव लिहीत नाही. आपल्याकडे नुसतं 'सर' म्हटलं की तेच. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये, त्यांच्याविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत.

महाडचा सत्याग्रह शिकवताना सर आधी प्रश्न टाकायचे. 1923 साली मुंबईच्या कायदेमंडळात बोले यांचा ठराव मंजूर झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले झाले, पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेनेही तसाच ठराव केला. मग 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना चवदार तळ्यावर जावं का लागलं? एवढं विचारून सर खुर्चीत बसून राहत. कुणीतरी बोलेपर्यंत पुढचं पान उलटत नसे.

आठवीतली गोष्ट. शिपाईमामा सूचनावही घेऊन वर्गात आले आणि नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचू लागले, "मागासवर्गीय मुलांनी उभं राहा, शिष्यवृत्तीचे फॉर्म आलेत." आम्ही उभे राहिलो. मागच्या बाकावरून आवाज आला, "सरकारचे जावई!" वर्ग हसला. सर रागावले नाहीत. त्यांनी मामांच्या हातातली वही घेतली, आम्हाला बसवलं आणि मागच्या बाकावरच्या मुलाला विचारलं, "तुझी जात कोणती रे?" तो म्हणाला, "आम्हाला जात नाही सर, आम्ही ओपन." सरांनी त्याला ऑफिसात पिटाळलं. जनरल रजिस्टरात स्वतःच्या नावापुढे काय लिहिलंय ते पाहून यायचं. पोरगं परत आलं ते मान खाली घालून. सर म्हणाले, "रकाना सगळ्यांचाच भरलाय. उभं मात्र एवढ्यांनाच राहावं लागतं." त्या दिवसापासून आमचे फॉर्म सरांच्या पिशवीत असायचे. मधल्या सुट्टीत ते एकेकाला बोलावून भरून घेत, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याकडे चिठ्ठीही देत. ती सूचना वर्गात पुन्हा वाचली गेली नाही.

मी आज उपअभियंता आहे, ते त्या पिशवीमुळे. पाणीपुरवठ्याचं काम बघतो. नळयोजनेच्या आराखड्यात दलित वस्ती असते, पाइपही तिथवर जातो. पण वस्ती पूर्वीपासून गावकुसाबाहेर, म्हणजे लाइनच्या शेवटी. तिथे पाणी किती वेळ सोडायचं ते वॉलमनच्या हातात, आणि वॉलमन कुणाचं ऐकायचा ते गावाला माहीत. तक्रार नेली की उत्तर तयार असतं: दाब कमी आहे. घटनेच्या 17 व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. पण या वॉलमनला कुठलं कलम लावणार? सरांचा महाडचा प्रश्न मी आता साइट व्हिजिटला ज्युनिअर इंजिनिअरांना विचारतो. बहुतेकांना तो पाण्याविषयीचा वाटतो.

आपल्या बॅचच्या ग्रुपवर मध्यंतरी एका मित्राने लिहिलं, 'आता जात कुठे राहिलीय?' चांगला माणूस आहे, माझ्या घरी जेवायला येतो. आठवड्याभरात त्याच ग्रुपवर त्याने मुलीचा बायोडाटा टाकला. दुसऱ्या ओळीत जात, तिसरीत पोटजात. त्याला एकट्याला काय बोलायचं? 2011-12 च्या भारत मानव विकास सर्वेक्षणातही जातीबाहेरची लग्नं शंभरात जेमतेम पाचच निघाली होती.

शाळाही बदलली. आमच्या वेळी फुल्यांची जयंती असो की शिवजयंती, सतरंजी सगळे मिळून घालायचे. आता कुठल्या जयंतीला कुठली मुलं पुढे दिसणार, हे आधीच सांगता येतं. याचं मला फार वाईट वाटतं. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा जुनी रजिस्टरं पाहायला किती जण शाळांच्या ऑफिसांत रांगा लावून होते! त्यांची गरज खरी असेल, मला त्यात पडायचं नाही. पण सर असते तर गालातल्या गालात हसले असते.

फॉर्म आता ऑनलाइन भरतात. तरी माझ्या भाच्याच्या शाळेत शिष्यवृत्तीची यादी जातीसकट वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडली. शाळेचं नाव घेत नाही. आपल्या शाळेत असं होऊ नये म्हणून सरांच्या नावाने संस्थेकडे एक ठेव ठेवली आहे. व्याजातून जातीच्या दाखल्याचा आणि पडताळणीचा खर्च भागवावा. फॉर्म कुणी, कुठे बसून भरून घ्यायचे, ते मुख्याध्यापकांना वेगळ्या पत्राने कळवलं आहे.