चौथी सीट

मी डोंबिवलीची. हे आधीच सांगून टाकते कारण पुढे जे लिहिणार आहे ते सगळं सीटबद्दल आहे, आणि सीट या विषयात डोंबिवलीकरांना कोणी शिकवू नये. सकाळच्या फास्टला लेडीज डब्यात घुसायचं, घुसल्या घुसल्या बसलेल्या बाईला "कुठे?" एवढंच विचारायचं, ती घाटकोपर म्हणाली की "मला द्या हां" म्हणून ती जागा आपल्या नावावर करून टाकायची, मागून कोणी परत विचारलंच तर त्या बाईनेच सांगायचं, दिली मी यांना. तिघींच्या बाकावर चौथी टेकणार, अर्धी बाकावर अर्धी हवेत. आणि विंडो हवी असेल तर आधी उलट्या गाडीने कल्याणला जायचं आणि त्याच डब्यात बसून रिटर्न यायचं. नऊ वर्षं केलंय हे मी, त्यात दोन वर्षं तर चौथ्या सीटवर उभं आयुष्य काढल्यासारखी काढली.

तर अशा मला लग्नानंतर अमेरिकेत आल्यावर एका संध्याकाळी नवरा म्हणाला, यावर्षी आपण देणगी देऊया.

मला बरंच वाटलं. म्हटलं कोणाला?

"कॉलेजला. म्हणजे कॉलेजच्या ॲथलेटिक्सला. म्हणजे फुटबॉलला."

"बरं. आणि मग?"

"मग आपल्याला सीझन तिकिटं घेता येतील."

"म्हणजे तिकिटं मिळणार."

"नाही नाही, तिकिटाचे पैसे वेगळे. देणगी दिली की चांगल्या जागेची तिकिटं विकत घेता येतात."

मी भाजी परतत होते, गॅस बंद केला. कारण हे नीट ऐकायला पाहिजे होतं. जागेचे पैसे द्यायचे, ते देण्याची परवानगी मिळावी म्हणून आधी वेगळे पैसे द्यायचे, आणि त्या वेगळ्या पैशांना देणगी म्हणायचं. डोंबिवलीला याला पागडी म्हणतात.

नवऱ्याने एमएस त्याच कॉलेजात केलं, अमेरिकेच्या साउथमधलं मोठं कॉलेज आहे. नाव लिहीत नाही, त्याला पुढच्या वर्षी पण पॉइंट्स हवेत. स्टुडंट असताना हा स्टुडंट सेक्शनमध्ये उभा राहून घसा बसेपर्यंत ओरडायचा, तेव्हा तिकीट जवळजवळ फुकट. पदवी हातात पडली तशी ती जागा गेली आणि वीस वर्षं झाली तरी हा माणूस त्या हिरवळीच्या जवळ परत जायचा प्रयत्न करतोय, दरवर्षी थोडा थोडा, हप्त्याहप्त्याने.

इथल्या कॉलेज फुटबॉलचा (आपला पायाने खेळायचा नाही, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा तो) आवाका आपल्याकडे सांगून पटत नाही कोणाला. आईला सांगितलं की कॉलेजच्या मुलांची मॅच बघायला एक लाख माणूस येतं तर ती म्हणाली, रुईयाच्या? मिशिगन युनिव्हर्सिटीचं स्टेडियम १,०७,६०१ लोकांचं आहे आणि ते ज्या गावात आहे त्या ॲन आर्बरची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास. साउथ कॅरोलायनातलं क्लेमसन तर त्याहून कमाल, २०२० च्या जनगणनेत गावात अठरा हजार माणसंही नव्हती आणि स्टेडियम ऐंशी हजारांच्या वरचं. म्हणजे जत्राच. आणि जत्रा म्हटली की मानपान आला, मानाची पालखी आली, पुढे कोण बसणार आणि मागे कोण हे आलं.

क्लेमसनच्या बूस्टर क्लबचं, म्हणजे टीमसाठी देणगी गोळा करणाऱ्या क्लबचं नाव मला फार आवडतं. इपटे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी नवऱ्याला विचारलेलं, आपट्यांचे कोण लागतात? पण ते 'आय पे टेन अ इयर' यातल्या पहिल्या अक्षरांचं आहे, मी वर्षाला दहा देतो. १९३४ साली मंदीत लोकांचे हाल चाललेले असताना रूपर्ट फाइक नावाच्या अटलांटाच्या डॉक्टरने हे काढलं, वर्षाला दहा डॉलर द्या आणि टीम उभी करा. तेव्हा दहा डॉलर पण जड होते, सुरुवातीला काही लोकांनी म्हणे पैशांऐवजी दूध, रताळी आणि शलगमाचा पाला दिला. हे ऐकून माझं मन जरा विरघळलं. रताळी देऊन फुटबॉल टीमला हातभार लावणारा माणूस वेगळा. त्याला तेव्हा रांग नंबर किती, सावली कोणत्या बाजूला हे कोणी विचारलं नसणार, आणि त्यानेही नसणार विचारलं.

आता रताळी चालत नाहीत. आता पॉइंट्स आहेत. आमच्याकडे शंभर डॉलर दिले की एक पॉइंट, सलग किती वर्षं देताय त्याचे वेगळे, माजी विद्यार्थी असलात तर त्याचे थोडे, आणि या सगळ्याची बेरीज करून तुमचा एक नंबर लागतो. सगळ्या देणगीदारांमध्ये तुम्ही कितवे. दरवर्षी फेब्रुवारीत ईमेल येते आणि नवरा ती जेईईच्या निकालासारखी उघडतो. पहिल्या वर्षी आमचा नंबर होता ६,२१४. तो म्हणाला वाईट नाही. मी म्हटलं आपल्या पुढे सहा हजार दोनशे तेरा लोकांना जागा मिळणार आणि मग आपल्याला, हे वाईट नाही तर काय आहे. या नंबरावर सीट ठरते, त्याच नंबरावर पार्किंग ठरतं (चांगला नंबर म्हणजे स्टेडियमच्या दारात गवतावर गाडी लावून सकाळपासून ग्रिल पेटवायची, आमचा नंबर म्हणजे दीड मैल चालत), बाहेरगावच्या मॅचची तिकिटं ठरतात. आणि एक वर्ष खंड पडला तर सलगपणाचे पॉइंट्स गेलेच समजा. त्यामुळे ज्या वर्षी आमचं हीटिंग बंद पडलं आणि नवीन बसवायला लागलं त्या वर्षीसुद्धा देणगी गेली. थंडीत स्वेटर घालून बसलो होतो घरात, पण सलगपणा शाबूत.

आधी म्हणे निदान टॅक्समध्ये तरी फायदा होता. १९८८ च्या कायद्याने अशा सीटसाठीच्या देणगीतले ८० टक्के टॅक्समधून वजा करता यायचे, म्हणजे सरकारनेच मान्य केलेलं की यातला पाचवा हिस्सा सीटची किंमत आणि बाकीचा दानधर्म. हा ८०-२० चा हिशोब कुठल्या तराजूत केला देव जाणे. २०१७ च्या शेवटी कायदा बदलला आणि २०१८ पासून ही सूट साफ बंद झाली. तेव्हा डिसेंबरमध्ये देशभर लोकांनी पुढच्या काही वर्षांची देणगी ॲडव्हान्समध्ये भरून टाकली. नवरा पण लॅपटॉप उघडून बसलेला, मी म्हटलं लॅपटॉप मिट. पण मला तो कायदा बदलणाऱ्यांचं एक पटलं, त्यांनी निदान नाव तरी सरळ केलं. जागा घेताय ना, मग जागा घेताय म्हणा.

आणि पैसा जातो कुठे हे विचारायची सोय नाही. म्हणजे विचारता येतं, उत्तर पण छान मिळतं, स्कॉलरशिप. ते खोटं नाही. पण टेक्सस ए अँड एम युनिव्हर्सिटीने २०२३ मध्ये जिम्बो फिशर या कोचला काढलं तेव्हा कराराप्रमाणे त्याला साडेसात कोटी डॉलरच्या वर द्यायला लागणार होते. काम न करण्याचे. हे वाचून मी नवऱ्याला म्हटलं तू पण एखादा सीझन वाईट कोचिंग कर, मग आपण पहिल्या रांगेत. मुलं मात्र अगदी परवापरवापर्यंत फक्त शिक्षण आणि राहण्याजेवणावर खेळत होती. ते १ जुलै २०२१ पासून बदललं, आपल्या नावावर जाहिराती करून पैसे घ्यायची मुभा मिळाली, आणि २०२५ च्या जुलैपासून तर कॉलेजं स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षाला साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. खेळणाऱ्याला पैसे मिळाले याचा मला आनंदच आहे, डोकी फुटतात त्या पोरांची. फक्त त्या आठवड्यापासून आमच्याकडे येणाऱ्या फोनची संख्या वाढली. फोनवर कॉलेजचीच गोड आवाजाची मुलगी असते, आधी हवा कशी आहे विचारते, मग यावर्षी एक पायरी वर जाणार का विचारते. गणपतीच्या वर्गणीला येणारी पोरं बरी, ती निदान जिन्यात चपलांचा आवाज करत येतात, लाइट घालवायला वेळ मिळतो.

आपण काही वेगळे आहोत असं मात्र मी म्हणणार नाही. मुंबईत जागेवरूनच तर आख्खं स्टेडियम उभं राहिलं. ब्रेबॉर्न स्टेडियम होतं सीसीआयचं, म्हणजे क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं, टेस्ट भरवायची मुंबई क्रिकेट असोसिएशन, आणि कोणाला किती तिकिटं यावरून दोघांचं वर्षानुवर्षं वाजत होतं, शेवटी शेषराव वानखेडे म्हणाले आम्ही आमचं बांधतो, आणि बांधलं पण, ब्रेबॉर्नपासून चालत जाता येईल इतक्यावर. १९७५ च्या जानेवारीत तिथे पहिली टेस्ट झाली वेस्ट इंडीजबरोबर. बाबा त्या मॅचला होते. क्लाइव्ह लॉइडने २४२ नाबाद काढले त्या मॅचमध्ये, पण बाबा अजून सांगतात ते आपल्याला पास कोणी दिला आणि बाजूला कोण बसलं होतं ते.

आता आमची सीट. पूर्वेकडचा स्टँड, वरचा मजला, रांग ४४. पूर्वेकडचा म्हणजे दुपारच्या मॅचला सूर्य थेट तोंडावर. पश्चिमेच्या स्टँडला पाठीवर ऊन आणि नंतर सावली, म्हणून श्रीमंत सगळे तिकडे, हे गणित मला कोणी सांगावं लागलं नाही, डब्यात पण उन्हाची बाजू कोणती हे चढायच्या आधी माहीत असायचं. सीट म्हणजे खुर्ची नाही हां. ॲल्युमिनियमचा लांबच लांब बाक, त्यावर नंबर रंगवलेले, दोन नंबरांत अठरा इंच. सप्टेंबरमध्ये तो बाक असा तापतो की पहिल्या वर्षी मी पेपर घालून बसले, बाजूच्यांना वाटलं आमच्यात काही विधी असेल.

आमचे नंबर १३, १४, १५. मुलगी १३ वर, नवरा १४, मी १५. आणि १६ वर एक आजोबा, एकदम सज्जन, पण देहाने दीड नंबर. ते आले की माझं १५ चं साडेचौदा व्हायचं, मग मी नवऱ्याला सरकवायचे, नवरा मुलीला. पहिल्याच मॅचला ते "सॉरी डिअर" म्हणत बसले आणि मी काही न बोलता एक खांदा पुढे एक मागे करून, डावा पाय जरा बाहेर काढून, माझ्या जागेत फिट झाले. कुठलाच त्रास नाही. नवरा बघतच राहिला. म्हटलं हे चौथ्या सीटचं ट्रेनिंग आहे, याचे कॉलेजात क्रेडिट्स मिळत नाहीत. आजोबांशी मग छान गट्टी जमली. ते आणि त्यांची बायको गेली एकतीस वर्षं याच रांगेत येत होते, ती गेली, तर तिच्या १७ नंबरचे पैसे ते अजून भरतात आणि तिथे कोट ठेवतात. आत न्यायला पारदर्शक पिशवीच चालते, त्यामुळे माझा भडंगचा डबा सगळ्या जगाला दिसत जातो, पहिल्यांदा गेटवरच्या माणसाने झाकण उघडायला लावलं आणि वासाने दोन पावलं मागे गेला. आजोबांना भडंग आवडतं. शेंगदाणे वेचून खातात.

गेल्या वर्षी आमचा नंबर चार हजारांच्या आत आला. नवऱ्याने ऑफिसात मीटिंग पुढे ढकलली, कारण सीट निवडायला ठरलेल्या वेळेला ऑनलाइन वीस मिनिटं मिळतात, मंगळवारी ११ वाजून ४० मिनिटांनी. स्क्रीनवर आख्खं स्टेडियम, मोकळ्या जागा निळ्या, गेलेल्या राखाडी, आणि आपण बघत असतानाच निळे ठिपके राखाडी होत जातात. तत्काळ बुकिंगची आठवण आली. पश्चिमेला तीन एकत्र नव्हतेच, दोन होते आणि एक मागच्या रांगेत. शेवटी त्याच पूर्वेच्या स्टँडमध्ये रांग ३५. एवढी वर्षं, एवढी देणगी, आणि नऊ रांगा. मी हिशोब करून रांगेमागे किती पडले ते काढलं पण इथे लिहीत नाही, सासूबाई वाचतात. नंबर मात्र योगायोगाने पुन्हा १३-१४-१५. आजोबा वर ४४ मध्येच राहिले. मध्ये हाफटाइमला मी डबा वर देऊन येते.

परवाच्या शनिवारी सीझनची शेवटची होम मॅच होती. चौथा क्वार्टर सुरू होतानाच आम्ही अठ्ठावीस पॉइंटांनी मागे होतो, त्यात वारा सुटला, आणि समोर पश्चिमेला खालचे लोक उठायला लागले. ज्या जागांसाठी लोक घर गहाण टाकतील त्या भराभर रिकाम्या. माझं लक्ष मॅचवर राहीना. माझ्या अंगातलं काहीतरी जुनं जागं झालं. कोण पिशवी उचलतंय, कोण नुसतंच उभं राहून ताणतंय, कोण पोराचं जॅकेट घालतंय, हे मला एवढ्या लांबून कळत होतं. जॅकेट घातलं म्हणजे उतरणार. मी नवऱ्याला म्हटलं चल. तो म्हणाला कुठे? म्हटलं खाली, तिकडे. तो म्हणाला वेडी आहेस का, ती आपली सीट नाही, कोणी तिकीट स्कॅन केलं तर अकाउंटला नोंद होईल, पॉइंट्स जातील. म्हटलं बस मग.

मी आणि मुलगी अख्खा वळसा घालून तिकडे गेलो. पिवळ्या जॅकेटवाला दारावरचा माणूस फोनमध्ये होता. रांग १२, बरोब्बर मधोमध, आणि तिथे बाक नाहीत, पाठ असलेल्या खुर्च्या आहेत, कपसाठी भोक असलेल्या. एक बाई ब्लँकेटची घडी घालत होती. माझ्या तोंडून अगदी सवयीने निघालं, आर यू लीव्हिंग? ती हसली आणि म्हणाली ऑल युअर्स.

तिथून खेळाडू एवढे मोठे दिसत होते, एकाच्या हेल्मेटवरचा चिखल दिसत होता, आपटल्याचा आवाज ऐकू येत होता. मुलगी म्हणाली आई, ते एवढ्या जोरात आपटतात? चार वर्षांत पहिल्यांदा तिने फोन खाली ठेवला.

थोड्या वेळाने मी समोर वर बघितलं. आख्खा पूर्वेचा स्टँड रिकामा झालेला, ४४ व्या रांगेत आजोबा आणि बाजूला त्यांचा कोट. आणि नऊ रांगा खाली आमचा हा. बाकावर या टोकापासून त्या टोकापर्यंत दुसरं कोणी नाही, तरी १४ नंबरच्या अठरा इंचात, दोन्ही खांदे आत घेऊन, अंग चोरून बसलेला.