माझा अनुभव: व्हेंडिंग मशीनमधून निघेल असं चित्र

लिनोकटचे, म्हणजे लिनोलियमचा तुकडा कोरून, त्यावर शाई लावून कागदावर उमटवलेल्या चित्रांचे, छोटे ठसे मी बरीच वर्षं करते. ते आवडणारे पुष्कळ भेटतात, पण फ्रेम, दालन आणि त्या हिशेबाची किंमत आली की घेणारा हात मागे घेतो. म्हणून सिगारेटच्या जुन्या मशीनमधून हातानं केलेली चित्रं विकतात हे कळल्यावर मी लगेच नमुना पाठवला. अमेरिकेत विन्स्टन-सेलमला क्लार्क व्हिटिंग्टन या कलाकारानं १९९७ साली हे प्रथम केलं. तिकडे सिगारेटच्या मशीनवर आलेल्या बंदीमुळे ती पडून होती. त्याच्या मशीनचं नाव आर्ट-ओ-मॅट. मी ज्यात भाग घेतला ते मशीन वेगळं, पण जातकुळी तीच.

अशा मशीनला एकच गोष्ट कळते: माप. मशीनमधल्या आमच्या उभ्या रकान्याचं माप ५४ मिलिमीटर रुंद, ८२ लांब आणि २२ जाड, म्हणजे सिगारेटचं पाकीटच. एकावर एक पाकिटं रचलेली असतात, दांडी ओढली की सगळ्यात खालचं बाहेर ढकललं जातं आणि वरची रास आपल्या वजनानं खाली सरकते. मी पुठ्ठ्याच्या डब्या केल्या, आत घडी घातलेला ठसा ठेवला. डबी मोजली तेव्हा बरोबर २२ भरली होती. त्यावर कागद चिकटवला, डिंक वाळला आणि ती साडेतेवीस झाली. हे मी पाहिलंच नाही. चाचणीत तिसरीच डबी अडकली. मशीन सांभाळणाऱ्या ताईंनी ती चिमट्यानं काढली आणि म्हणाल्या, “दहा डब्या टेबलावर रचून बघा. रास कलली, तर मशीनमध्येही अडकणार.”

रास कललीच. डब्या लहान करून पुन्हा आणल्या, तर त्या इतक्या हलक्या की खाली सरकेचनात. त्या दिवशी घरी येऊन मी खूप वेळ नुसती बसून होते.

मग डबीच सोडली. लाकडाची पट्टी कापून ठोकळे केले, कडा पॉलिशपेपरनं घासल्या आणि ठसा थेट ठोकळ्यावर चिकटवला. वजन आलं, कोपरे टिकले. मला तर ठसा असाच आवडला, हातात धरता येणारा. वरून सेलोफेन घातलं, त्यामुळे ठोकळे एकमेकांवरून सहज घसरतात. घडी मात्र अरुंद बाजूला घ्यायची. सपाट बाजूला घेतली की तिथे उंचवटा येतो आणि रास पुन्हा कलते. आता गुंडाळून झाल्यावरच मोजते, तेही प्रत्येक ठोकळा.

पन्नास ठोकळे, एकच लिनो. पण घेणाऱ्याला फक्त कलाकाराचं नाव आणि एक नमुना दिसतो, आत काय येईल ते ठाऊक नसतं. न बघता घेणाऱ्यानं आपल्यावर विश्वास टाकलेला असतो, त्यामुळे शाई फिकी लागलेला एकही ठोकळा मी रकान्यात जाऊ दिला नाही. प्रत्येकाचं आभाळ हातानं वेगळं रंगवलं. त्यात वेळ फार गेला, आणि किंमत सगळ्यांची सारखी व कमीच असल्यानं तो भरून निघत नाही. तरी ते मी गाळणार नाही.

एक रकाना अदलाबदलीचा आहे. आपली वस्तू द्यायची, टोकन घ्यायचं आणि दांडी ओढायची. मी आधी माझी आर्टिस्ट ट्रेडिंग कार्डं, म्हणजे कलाकारांनी आपसांत बदलायची छोटी चित्रकार्डं, नेली होती. तीही पद्धत १९९७ चीच, झुरिकची, एम. व्हान्ची श्टिर्नेमान यांची. ती कार्डं विकत नाहीत, फक्त बदलतात. पण त्यांचं माप ६४ बाय ८९ मिलिमीटर, रकान्यात बसेना. कापायला मन होईना. शेवटी एक ठोकळाच दिला.

बदल्यात कापडात गुंडाळलेली एक चपटी वस्तू आली. आत मातीचं भाजलेलं पान होतं, शिरा बहुधा सुईनं ओढलेल्या, पाठीमागे पेन्सिलीनं लिहिलेलं: १७/४०, म्हणजे चाळीसांतलं सतरावं. कोपऱ्यात करणाऱ्याच्या अंगठ्याचा ठसा राहिला होता. माझा अंगठा मी त्यावर ठेवून पाहिला. तो ठसा थोडा मोठा होता.