वर एक, खाली एक

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधल्या लिझार्ड द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्याला नैर्ऋत्येच्या वादळांचा फारसा त्रास होत नाही. अटलांटिकवरून येणारा मारा पश्चिमेचे कडे झेलतात. इथलं पाणी बिघडवतो तो पूर्वेचा वारा. तो सुटला की तळ ढवळतो, हातभर अंतरावरचं दिसत नाही, आणि स्पिअरगन, म्हणजे पाण्याखाली मासे मारायची भाल्याची बंदूक, घेऊन श्वास रोखून उतरणाऱ्यांचा मोसम तिथेच संपतो. ऑक्टोबरच्या अखेरीला तो कधीही सुटू शकतो. त्यामुळे माझा मावसभाऊ, दादा, फोनवर "ये" म्हणत नव्हता आणि "नको येऊस" असंही म्हणत नव्हता, रोज नुसता वारा सांगत होता. मग एकदा म्हणाला, "भांगाचे दिवस आहेत, वारा पश्चिमेचा आहे. आज रात्रीची गाडी पकड."

भांग म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो ते दिवस, उधाणाच्या उलट. त्याचं महत्त्व तिथे गेल्यावर कळलं. उधाणाला पाणी जोरात धावतं, वाळू आणि गाळ उचलतं, ओढीविरुद्ध पाय मारून दम जातो. भांगाला ओढ कमी, पाणी निवळ. लंडनच्या पॅडिंग्टनहून रात्रभराचा प्रवास, पहाटे स्टेशनवर दादाची गाडी, अरुंद वळणावळणाचे रस्ते, आणि मग कव्हरॅक. छोटंसं बंदर, ओहोटीला कोरडं पडणारं, तेव्हा बोट भरतीच्या वेळेनुसारच बाहेर काढायची. उन्हाळ्यातली गर्दी पांगलेली होती. मला ही गावं अशीच आवडतात, कुणाच्या फोटोत न येता धक्क्यावर उभं राहता येतं.

बोट एका निवृत्त मच्छीमारांची. उघडी, लहान, मागे इंजिन. दादा त्यांच्याशी फार अदबीने बोलतो आणि ते कुणाशीच फारसं बोलत नाहीत. निघताना त्यांनी मला एकच गोष्ट विचारली, "वर कोण राहणार?" मी म्हटलं, आळीपाळीने. त्यांनी मान हलवली आणि दोर सोडला.

पाणी 14 अंशांच्या आसपास होतं. आकडा ऐकून काही वाटत नाही. पण तासन्‌तास त्यात तरंगायचं असेल तर जाड वेटसूट लागतोच, आणि आतून उघड्या रबराचा हा सूट साबणाचं पाणी ओतल्याशिवाय अंगात शिरत नाही. वाऱ्यात उघड्यावर ते कोमट पाणी अंगावरून ओघळतं तेव्हा बरं वाटतं, पुढच्याच मिनिटाला दात वाजू लागतात. सूट तरंगवतो म्हणून कमरेला शिशाचे तुकडे लावलेला रबरी पट्टा. खोल गेल्यावर रबर दाबलं जातं, सूटची तरंग कमी होते आणि तेच वजन खाली ओढू लागतं. म्हणून शिसं मोजूनमापूनच लावायचं.

बोटीतून उत्तरेला सेंट केव्हर्न चर्चचा निमुळता मनोरा दिसत होता. त्याच्यासमोर समुद्रात मॅनॅकल्स खडक. 14 ऑक्टोबर 1898 च्या संध्याकाळी मोहेगन नावाची आगबोट त्या खडकांवर आदळून बुडाली, 106 माणसं गेली. त्यांतल्या अनेकांना त्याच चर्चच्या आवारात पुरलंय. आम्ही तिकडे गेलो नाही, तिथल्या पाण्याला ओढ फार. बोट दक्षिणेला, ब्लॅक हेडच्या बाजूला वळली.

आता खरं सांगायचंय ते. या खेळाचे फोटो पाहिले की त्यात एक माणूस आणि एक मासा असतो. दुसरा माणूस कधीच दिसत नाही. आमच्या दोघांत बंदूक एकच होती, आणि हे दादाने मुद्दाम ठरवलं होतं. दोघांच्या हातात बंदूक असली की दोघंही मासे शोधतात, एकमेकांकडे कुणी बघत नाही. एक खाली जाणार, दुसऱ्याने वर पालथं तरंगत त्याच्यावरून नजर हलवायची नाही. तो वर आला की लगेच सुटका नाही, पुढचं अर्धं मिनिट त्याच्या तोंडाकडे बघायचं. खाली जितका वेळ गेला त्याच्या निदान दुप्पट वेळ वर विसावा, मग पुढची बुडी.

त्यामागचं कारण मी कोर्समध्ये शिकले होते, पण शिकणं वेगळं. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. त्या दाबामुळे उरलासुरला ऑक्सिजनही रक्तात नीट शिरतो, खाली माणसाला ठीक वाटत राहतं. वर येताना दाब उतरतो, ऑक्सिजनही पुरेनासा होतो, आणि डोक्यावर उजेड दिसत असताना शुद्ध हरपते. आधी काही जाणवेलच असं नाही. बुडीपूर्वी भराभर श्वास घेणाऱ्यांना तर आणखी धोका, कारण त्याने कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि श्वास घ्यावासा वाटण्याची जी हाक शरीर देतं तीच उशिरा येते. शेजारी कुणी असेल तर तोंड पाण्याबाहेर धरायचं, मास्क काढायचा, नाव घेऊन हाक मारायची; बहुतेक वेळा माणूस श्वास घेतो. कुणी नसेल तर तो बुडतो.

पाण्याचा रंग हिरवट होता, तळ अंधूक दिसत होता. केल्पची, म्हणजे मोठ्या समुद्रशेवाळाची, पानं संथ हलत होती, त्यांच्या मुळाशी 'रास' (wrasse) जातीचे जाडजूड मासे. दादा त्यांना हात लावत नाही. बॅलन रास सगळे मादी म्हणून जन्मतात, त्यांतले काहीच पुढे नर होतात, वाढतात हळूहळू. मोठा मारला की त्या खडकावरची घडी बरीच वर्षं विस्कटते. आम्हाला हवा होता सी बास, तोही 42 सेंटिमीटरच्या वरचा, आणि तेव्हाच्या नियमाने दिवसाला माणशी दोनच. हिवाळ्यात बास अंडी घालायला खोल पाण्याकडे सरकतात, म्हणून किनाऱ्यालगत त्यांची गाठ पडायचे हे शेवटचे दिवस.

दादा खाली गेला. लांब फिन्सचे तीनचार फटके, मग नुसता घरंगळत केल्पमध्ये शिरला आणि तळाला निपचित पडला. बास कुतूहलाने जवळ येतो, त्याची वाट बघायची असते. मी वर फ्लोटपाशी, म्हणजे आमच्या तरंगत्या बोयापाशी, फ्लोटवर निळापांढरा झेंडा. 'खाली पाणबुड्या आहे, दूर राहा, हळू जा' एवढाच त्याचा अर्थ, आणि तो जगभर सारखाच.

तेवढ्यात इंजिनाचा आवाज आला. पाण्यात आवाज हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने जातो, त्यामुळे तो कुठल्या दिशेने येतोय ते कानांना कळत नाही. सगळीकडूनच येतो. मी डोकं वर काढलं. एक वेगवान बोट, नाक उचललेलं, आमच्या फ्लोटच्या आणि बोटीच्या मधून जायच्या बेताने सरळ येत होती. आमचे बोटवाले उभे राहून दोन्ही हात हलवत होते, भोंगा वाजवत होते.

तो क्षण मला अजून सोडत नाही. बोटीकडे बघायचं तर दादा नजरेआड होतो, दादाकडे बघायचं तर बोट. मी एका हाताने फ्लोट उचलून झेंडा जमेल तितका उंच धरला, हलवत राहिले, आणि तोंड पुन्हा पाण्यात घातलं. खाली तो दिसला. त्याने केल्पचा देठ धरला होता. त्यालाही आवाज आला होता आणि तो वर येत नव्हता. एव्हाना जवळजवळ मिनिट झालं असेल. बोट आमच्यापासून काही मीटरवरून गेली. वेग कमी केला नाही. मागे बसलेल्या माणसाने माझ्याकडे बघून हात केला, ओळखीच्या माणसाला करतात तसा.

लाट अंगावरून गेली तेव्हा दादाने देठ सोडला. एक हात डोक्यावर, मान वर, स्वतःभोवती फिरत तो आला. मी त्याच्या ओठांकडे बघत होते. त्याने श्वास घेतला, आणखी एक घेतला, बोटांनी खूण केली. मी तरीही बघत राहिले. मग तो म्हणाला, "अगं, बास आला होता. टप्प्यातच होता." बंदूक भरलेलीच होती. भाला सोडला असता तर मासा झुंजला असता, आणि त्याला श्वास राखून ठेवायचा होता.

नंतर पाणी बदलेपर्यंत आम्ही आळीपाळीने उतरलो, दादाला एक बास मिळाला आणि मलाही.

बंदरात ती बोट धक्क्यालाच लागलेली होती. दादा म्हणाला, "सोड, जाऊ दे." मी नाही सोडलं. फ्लोट हातात घेऊन गेले. माणूस सभ्य होता, हसतमुख होता, आणि त्याने तो झेंडा आधी पाहिलाच नव्हता. त्याला वाटलं आम्ही पोहतोय. "मी तर हात केला," तो म्हणाला. मी म्हटलं, "तुम्ही हात केलात तेव्हा माझा भाऊ तुमच्याखाली दहा मीटरवर श्वास रोखून पडला होता." त्याचा चेहरा उतरला. त्याने विचारलं, किती लांबून जायला हवं होतं. शंभर मीटर तरी, आणि सावकाश, मी सांगितलं. भाड्याने मिळणारी बोट कुणीही घेऊन सुटतो आणि समुद्रावरचा हा एक साधा झेंडा त्याला कुणी शिकवत नाही, याचा मला मनस्वी राग आहे.

बोटवाले काका दोर गुंडाळत सगळं ऐकत होते. मी परत आल्यावर त्यांनी माझ्या हातातला फ्लोट घेतला, झेंड्याची काठी मोजली आणि दादाला म्हणाले, ही दुप्पट लांब करून देतो, आणि बोटीवरही एक लावतो. दुसऱ्या सकाळी पूर्वेचा वारा सुटला. त्यांनी बोट वर ओढून घेतली आणि काठीसाठी ॲल्युमिनियमची नळी शोधायला गेले.