पासाऊची भिंत आणि आमचा आयर्विन पूल

म्युनिकला बहिणीकडे तीन आठवडे होते. रेगेन्सबुर्गचा बाराव्या शतकातला दगडी पूल बघितला, व्हिएन्नाला दोन दिवस जाऊन आलो, सगळं छान झालं. पण मला लिहायचंय ते पासाऊबद्दलच.

पासाऊ म्हणजे जर्मनीच्या टोकाचं गाव, पुढे लगेच ऑस्ट्रिया. इथे डॅन्यूबला एका बाजूनं इन आणि दुसऱ्या बाजूनं इल्झ येऊन मिळते. इन आल्प्सच्या बर्फाचं पाणी आणते म्हणून हिरवट-दुधाळ, इल्झ बव्हेरियाच्या जंगलातल्या दलदलीतून येते म्हणून काळपट, आणि गंमत म्हणजे इनचं पाणी सरासरीनं डॅन्यूबपेक्षा जास्त असतं, तरी पुढे नाव डॅन्यूबचंच चालतं. मी सांगलीची, हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम बघत मोठी झालेली, त्यामुळे त्या टोकाला तासभर नुसती बसून राहिले. तेवढ्यात क्रूझच्या बोटीवरून उतरलेले तीन ग्रुप आले, फोटो काढले आणि पाच मिनिटांत गेले. मला राग आला, खरंच. नदीवरूनच आलात ना, मग जरा तिच्याकडे बघा तरी.

दुपारी बाराला कॅथेड्रलमध्ये ऑर्गन ऐकला. जवळजवळ १८ हजार पाइप आहेत त्याला, सगळे मिळून वाजले की बाकाची लाकडं थरथरतात.

आणि मग नदीकाठी जुन्या टाउन हॉलची ती भिंत. पुराच्या खुणा, प्रत्येकीशेजारी साल. १५०१, १९५४, २०१३... २०१३ ची रेघ माझ्या डोक्याच्या कितीतरी वर. ३ जून २०१३ ला इथे पाणी १२.८९ मीटरवर गेलं होतं, १५०१ नंतरचा सगळ्यात मोठा पूर. मी तिथेच उभी राहिले, पाय निघेना. आमचं घर गावभागात. ऑगस्ट २०१९ ला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमचा खालचा मजला अख्खा पाण्यात होता. आईनं नंतर भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारली आणि रंगकाम झालं तेव्हा तेवढा पट्टा रंगवू दिला नाही. आमच्याकडे घरोघरी अशा रेघा आहेत, पण चौकात, सगळ्यांना दिसेल अशी, साल घालून कोरलेली भिंत मला सांगलीत हवीय. कुठलीही. नवीन बांधकामाला परवानगी मागायला जाणाऱ्या प्रत्येकाला आधी ती दिसली पाहिजे.

तिथूनच बाबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांचा पहिला प्रश्न, "फुटात किती?" म्हणलं साधारण ४२. "म्हणजे आपल्या ४५ च्या धोक्याच्या पातळीच्याही खाली," मग स्वतःच म्हणाले, "पण तसं नसतं, प्रत्येक ठिकाणच्या पट्टीचं शून्य वेगळं असतं. पाणी उतरल्यावर चिखल कसा काढला विचार की कुणाला तरी."

म्हणून मागच्या गल्लीतल्या एका दुकानात शिरले. म्हातारे मालक, इंग्लिश मोडकं, माझं जर्मन त्याहून मोडकं, बहिणीनं मध्ये पडून बोलणं करून दिलं. त्यांनी आधी छताजवळ हात नेऊन दाखवला, पाणी इथवर. युनिव्हर्सिटीची पोरं फावडी घेऊन आली, ओळख ना पाळख, सगळा चिखल बादल्यांनी बाहेर काढला. आमच्याकडेही गावोगावची पोरं अशीच आली होती, भाकरी बांधून घेऊन. मग ते म्हणाले, चिखलाचं काही नाही, पण तळघरांतल्या हीटिंगच्या तेलाच्या टाक्या फुटल्या, ते तेल भिंतीत मुरलं, प्लास्टर खरवडून टाकलं तरी वास जाईना.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आपल्याकडं रॉकेल नव्हतं सांडलं, बरं झालं. धान्य कुजल्याचा वास तेवढा होता."