शिकागोत ब्लूज ऐकताना घड्याळ का बघावंसं वाटतं

भारतातून पाहुणे आले की आमच्याकडे कार्यक्रम ठरलेला असतो. मिलेनियम पार्कातलं 'बीन' नावाचं ते चकचकीत शिल्प, मिशिगन सरोवराचा किनारा, इथला जाडजूड पिझ्झा आणि एका रात्री ब्लूज क्लब, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत ऐकायची जागा. पहिल्या तिन्हींवर सगळे खूश असतात. क्लबमध्ये मात्र पहिल्या दोन गाण्यांना माना डोलतात, तिसऱ्याला फोन बाहेर निघतात आणि पुढे कधीतरी कुणीतरी माझ्या कानाशी लागून विचारतं, "हे मघाचंच गाणं आहे ना गं?" माझा दीर त्याहून स्पष्टवक्ता. म्हणाला, "वहिनी, सत्यनारायणाच्या कथेत निदान अध्याय तरी बदलतो."

हसले मी, पण तक्रार खोटी आहे असं नाही म्हणणार. क्लबात वाजणाऱ्या बहुतेक गाण्यांचा साचा खरंच एक असतो. चार-चार मात्रांचे बारा खंड, म्हणजे ४८ मात्रांचं आवर्तन. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवलेले स्वर, तीनच, आपल्या भाषेत सा, म आणि प यांवर उभ्या केलेल्या. शब्दांत एक ओळ, तीच ओळ पुन्हा, मग तिसरी ओळ तिला उत्तर देणारी. हा साचा सगळ्यांना इतका पाठ असतो की जॅमच्या, म्हणजे आयत्या वेळी जमून वाजवायच्या रात्री एकमेकांना कधी न भेटलेले चार जण स्टेजवर चढतात, एक जण "शफल इन ए" म्हणतो (शफल हा ठेका, ए हा सूर), आकडे मोजतो आणि गाणं सुरू होतं. तालीम नाही, कागद नाही. ही सोय मोठी आहे आणि कंटाळ्याचं मूळही तीच आहे, कारण साचा हाताशी असला की त्यात काही ओतलंच पाहिजे असं नाही.

त्यात भर पर्यटकांची, म्हणजे आमचीच. प्रत्येक टेबलाला 'स्वीट होम शिकागो' हवं असतं. मिसिसिपीच्या रॉबर्ट जॉन्सन या गायकानं ते १९३६ साली टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत रेकॉर्ड केलं, आणि त्याच्या मूळ शब्दांत शिकागो कॅलिफोर्नियात असल्यासारखं वाटतं. पण इथे ते शहरगीतासारखं वाजतं. मग गिटारवाला सोलो सुरू करतो. आवर्तनामागून आवर्तनं, बोटं वेगात, चेहऱ्यावर वेदना. माझ्या मते पाहुण्यांना कंटाळा येतो तो या सोलोचा. दोष मात्र बिचाऱ्या तीन कॉर्डवर जातो.

कारण त्या साच्यात एक सुंदर गंमत दडलेली आहे आणि ती आपल्या कानांना खरं तर लवकर कळायला हवी. दुसरी ओळ पहिलीसारखीच असते, शब्द तेच, बऱ्याचदा चालही तीच. पण तिच्याखालची जमीन सरकलेली असते. पहिली ओळ सा-वरच्या कॉर्डवर येते. त्या कॉर्डमध्ये शुद्ध गंधार असतो आणि गाणारा त्याच्या डोक्यावर कोमल गंधार लावतो, तोही पुरता कोमल नाही, कोमल आणि शुद्ध यांच्या मधला, वाकवलेल्या तारेतून किंवा गळ्यातूनच निघणारा. तो स्वर टोचतो. दुसऱ्या ओळीला कॉर्ड मध्यमावर जाते. आता मध्यमाला सा मानून मोजा: तोच कोमल गंधार त्याचा कोमल निषाद होतो आणि कॉर्डच्या आत चपखल बसतो. मघाशी भांडणारा स्वर आता घरचा झाला. गाणाऱ्यानं काहीच बदललेलं नसतं. मग तिसरी ओळ पंचमावर चढून परत खाली येते. एकदा हे कानाला लागलं की दुसरी ओळ ही पुनरुक्ती वाटत नाही.

शिवाय ओळ चार खंडांची असली तरी गाणारा ती साधारण अर्ध्यात आटपतो. उरलेली जागा वाद्याची. गायक-गिटारवादक बी. बी. किंगनं तर या जागेवर आयुष्य काढलं: गाताना गिटार गप्प, आवाज थांबला की ती बोलणार. त्याच्या नात्यातला बुका व्हाइट तारांवरून धातू सरकवून स्वर ओढायचा. किंगला ते जमेना, म्हणून तो बोटानंच तार थरथरवायला लागला. एकाच स्वरात त्याला ओळखता येतं ते त्या थरथरीमुळे. मींड ऐकत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये.

आपल्याला जवळची वाटेल अशी आणखी एक गोष्ट. गायिका बेसी स्मिथचं १९२५ सालचं 'सेंट लुईस ब्लूज' शोधून ऐका. कॉर्नेटवर, म्हणजे ट्रम्पेटच्या धाकट्या भावावर, लुई आर्मस्ट्राँग आहे आणि साथीला चक्क हार्मोनियम. गिटार नाहीच. डब्ल्यू. सी. हँडीनं १९१४ मध्ये छापलेल्या त्या गाण्याचा एक भाग टँगोच्या ठेक्यात आहे, म्हणजे बारा खंडांचा साचा तेव्हाच मोडलेला होता. १९२०च्या दशकात ब्लूजमधली मोठी नावं मुख्यतः बायकांची होती आणि त्यांच्या मागे पियानो, कॉर्नेट, जॅझ बँड असे. गॉगल लावलेला गिटारवाला पुरुष हे चित्र बरंच नंतरचं.

आता उलटी बाजू. विविधता दाखवून ब्लूजचा बचाव करता येतो, पण मला सगळ्यात जास्त आवडणारं काही ब्लूज साच्यापेक्षाही एकसुरी आहे. हाउलिन वुल्फचं १९५६ सालचं 'स्मोकस्टॅक लाइटनिंग' एकाच कॉर्डवर चालतं. तीन नाहीत, एक. गिटारचा छोटासा तुकडा फिरत राहतो आणि त्यावर त्या धिप्पाड माणसाचा खरखरीत आवाज मधूनच कोल्हेकुईसारखा वर जातो. जॉन ली हूकर पायानं ठेका धरून एकट्यानं वाजवायचा. खंड बारा आहेत की साडेअकरा याची फिकीर नाही, त्यामुळे साथीदारांची त्रेधा उडायची. जिमी रीडची गाणी तर एकमेकांच्या जुळ्या बहिणी. त्याला शब्द आठवत नसत, म्हणून बायको शेजारी बसून कानात ओळी पुटपुटायची, आणि काही रेकॉर्डवर ती नीट ऐकू येते. तरी त्याची गाणी धो धो खपली.

का खपली, तर लोक त्यावर नाचत होते. मिसिसिपीतल्या शनिवार रात्रीच्या अड्ड्यांवर एक गाणं लोक दमेपर्यंत चाले. रेकॉर्डच्या एका बाजूला तीनेक मिनिटंच मावायची म्हणून आपल्याकडे त्याचा तुकडा आला. गायक-गिटारवादक मडी वॉटर्स १९४३ मध्ये मिसिसिपीहून शिकागोला आला, तेव्हा दक्षिणेतून लाखो कृष्णवर्णीय माणसं याच वाटेनं गिरण्यांत आणि कत्तलखान्यांत कामाला येत होती. गोंगाटात ऐकू जावं म्हणून गिटारला वीज जोडली गेली. ऐकणारे दिवसभर उभं राहून काम केलेले, आणि त्यांना रात्री हलायचं होतं. आपण त्याच संगीतासमोर खुर्ची टाकून, बैठकीला बसल्यासारखे, पुढे काय होतं याची वाट बघतो. पुढे काही होत नाही. ते तिथेच फिरत असतं.

ब्लूजला सरसकट लावलं जाणारं 'दर्दभरं' हे विशेषणही मला जरा खटकतं. गायिका कोको टेलरचं १९६५ सालचं 'वँग डँग डूडल' ऐका. शिकागोत आल्यावर तिनं श्रीमंतांच्या घरी साफसफाईची कामं केली, पण या गाण्यात एकाहून एक नमुनेदार मंडळी रात्रभर धुडगूस घालायला जमतात, बस्स. खरोखर अंगावर काटा आणणारं हवं असेल तर स्किप जेम्स. १९३१ साली विस्कॉन्सिनमधल्या ग्राफ्टन गावी, एका खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीनं काढलेल्या रेकॉर्ड विभागासाठी तो गायला: उंच, बारीक आवाज, आणि गिटार अशी लावलेली की कॉर्डमधला गंधारच कोमल. दिराला हे गाडीत ऐकवलं. त्याला वाटलं मी वेगळंच काहीतरी लावलंय.

तुमच्यापैकी मुंबईकरांना हे सगळं नवीन नसेलही. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ साली महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी शिकागोचा गिटारवादक बडी गाय तिथे वाजवून गेला. त्याचा स्वतःचा क्लब इथे वाबॅश रस्त्यावर आहे. पण इकडे यायचंच असेल तर जूनमध्ये या. तेव्हा मिलेनियम पार्कात शिकागो ब्लूज फेस्टिव्हल असतो, तिकीट नाही, आणि एका दुपारी एका मंचावर मिसिसिपीचा एका कॉर्डवाला, दुसऱ्यावर ट्रम्पेट-सॅक्सोफोनसकट मोठा बँड असं ऐकता येतं. कंटाळा आलाच तर उठून दुसरीकडे जाता येतं, क्लबात प्रवेशाचे पैसे दिलेले असतात म्हणून कुणी उठत नाही. आणि क्लबात जायचा हट्टच असेल, तर कानात घालायला बोळे घेऊन या. उशिरा येणाऱ्यांना ड्रमच्या शेजारचंच टेबल मिळतं.