भात्याचा हात

सोमवार, रात्री पावणेअकरा

आत्या सहज म्हणाली, कप खाली ठेवता ठेवता. "अगं, डावा हात अजून भाताच मारतोय की तुझा!" सगळे हसले. मीही हसले. आणि आता झोप नाही.

राग याचा की ते खरं आहे. पेटीवर वाढलेल्याचा डावा हात आयुष्यभर हवाच भरतो. सूर उजव्याचे, कौतुकही उजव्याचं. मग समोर ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड येतो आणि व्हिडिओतला मनुष्य हसत सांगतो, डाव्या हाताने फक्त रूट, फिफ्थ, ऑक्टेव्ह, म्हणजे मूळ सूर, त्याचा पंचम आणि वरचा तोच सूर. फक्त!

उजव्याचं काही अडत नाही. सी, जी, ए मायनर, एफ या चार कॉर्डवर (तीन-तीन सूर एकदम) पॉपची कितीतरी गाणी निघतात. पांढरी एकला सा धरला तर सा ग प, मग खालच्या नि पासून नि रे प, मग सा ग ध, मग सा म ध. हात जवळजवळ जागचा हलत नाही, एखाददुसरं बोट शेजारी सरकतं. व्हिडिओत प्रत्येक कॉर्ड मुळापासून धरून दाखवतात, म्हणून नवशिक्याचा हात पट्टीभर उड्या मारत बसतो. उलटापालट करून धरायचं ते पाचव्या-सहाव्या भागात येतं. तोवर उड्यांची सवय लागलेली.

डाव्याला मात्र खरोखर उडी आहे. सा-प-सा, करंगळी, तर्जनी, अंगठा. पुढच्या कॉर्डला करंगळी थेट खालच्या प वर. ती जागा शोधायला नजर डावीकडे वळते आणि तेवढ्यात उजवा लय सोडतो. दरवेळी तिथेच. यावर उपाय एकच: आठवडाभर नुसती करंगळी, न बघता, काळ्या पट्ट्यांच्या दोन-तीनच्या जोड्या चाचपडत. कंटाळवाणं आहे, म्हणून कुठल्याच व्हिडिओत नसतं.

वरून रंगीत पट्ट्या पडतात ते व्हिडिओ तर मी बंदच केले. कुठली पट्टी आणि कधी, एवढंच कळतं. कुठल्या बोटाने ते नाही. आज आत्यासमोर फोन नव्हता, आणि दुसऱ्या ओळीनंतर हाताला काही आठवेना. भाता मारणं म्हणजे तेच असावं. बोटं पट्ट्यांवर आणि सूर नाहीच.

पायाने दाबून सूर लांबवायच्या पेडलचंही तसंच. कॅमेरा वरून, पाय कुणाला दिसतो? पेटीत बोट आहे तोवर सूर आहे, पियानोच्या आवाजात बोट तसंच ठेवलं तरी सूर विरतो. म्हणून पेटीवाला पेडल दाबून ठेवतो आणि सी-जीची खिचडी होते. नवा कॉर्ड वाजला त्याच क्षणी पाय वर, आणि लगेच परत खाली. आधी नाही. आणि आवाज लहानमोठा होतो बोटाच्या वेगाने, भात्याने नव्हे. पुन्हा भाता.

साडेअकरा. उठून बसले, हेडफोन वायरचे लावले. ब्लूटूथचे चालत नाहीत, बोटामागून आवाज येतो. व्हिडिओ ०.७५ वर. वेग कमी केला तरी सूर खाली उतरत नाहीत, म्हणून सोबत वाजवता येतं. ०.५ वर मात्र दोन ठोक्यांत एवढं अंतर पडतं की लयच लागत नाही.

अडलंय ते आठ मात्रांत. उजवा ३-३-२, म्हणजे पहिली, चौथी, सातवी. डावा पहिली आणि पाचवी. तोंडाने म्हणायचं: दोन्ही, गप, गप, उजवा, डावा, गप, उजवा, गप. चौथी-पाचवी लागोपाठ येतात, तिथे डावा उजव्याच्या मागे ओढला जातो आणि चौथीलाच पडतो. वीस वेळा पडला. मांडीवर थापट्या मारून पाहिलं, तिथेही पडला.

मग एक गोष्ट लक्षात आली आणि एकटीच हसले. भाता कधी तानेबरोबर मारतात का? उजवा कितीही धावो, डावा आपला सावकाश, सारखा. उजव्याच्या ठेक्यावर भाता हलला की गुरुजी मनगटावर टिचकी मारायचे. म्हणजे उजव्याकडे दुर्लक्ष करणं एवढी एक गोष्ट या हाताला चांगली येते, आणि मी त्याला महिनाभर उजव्याच्या मागे पळवतेय.

रूट-फिफ्थ-ऑक्टेव्ह काढून टाकलं. नुसती करंगळी, पहिली आणि पाचवी, भात्यासारखी. मेट्रोनोम मिनिटाला ६० टिकांवर, प्रत्येक मात्रेला एक टिक. चौथ्या फेरीला बसलं. परत निसटलं. परत बसलं.

रोज ५ वाढवायचे, पण तीन वेळा सलग न चुकता वाजल्याशिवाय नाही. आत्या रविवारी परत येतेय. तोवर ८० झालं नाही तर आवाज बदलून हार्मोनियमचा लावीन, म्हणजे डाव्या हाताला कुणी काही बोलायला नको.